पहिल्या सोळांत

खुर्चीपासून अक्षरांच्या पाटीपर्यंत सात पावलं होती. नंबरबाई ती सात पावलं दिवसातून सत्तर-ऐंशी वेळा टाकत असे, आणि गेल्या एकवीस वर्षांत त्या पावलांबद्दल कोणी चकार शब्द काढला नव्हता. चष्म्याच्या दुकानाची ती मागची खोली, लांबट, खिडकी नसलेली. एका टोकाला वर-खाली होणारी खुर्ची, दुसऱ्या टोकाला उजेडाची पाटी. गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जड, गोल चौकट चढवायची, तीत एकेक भिंग सरकवायची आणि विचारायची, "आधीचं बरं, की हे बरं?" लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढते म्हणून ती नंबरबाई, नाव इतकं चिकटलं होतं, की तिचं खरं नाव दुकानाच्या मालकाला हजेरीपट उघडल्याशिवाय आठवत नसे. डावा पाय उजव्यापेक्षा दीड इंच आखूड. पाचव्या वर्षी आलेल्या तापाने कंबरेच्या सांध्यात काहीतरी कायमचं करून ठेवलं होतं. पण ते सगळं जुनं झालं होतं. डाव्या बुटाला जाड तळवा होता, कामाला खाडा नव्हता, आणि माणसं सभ्य होती. ती चालायला लागली की माणसं पाटीकडे बघत, हातातल्या कागदाकडे बघत, कधी कधी नुसतीच छताकडे बघत.

त्या दिवशी मात्र एकीने बघितलं. बंदरावर क्रेन चालवणारी बाई होती, तिशी-बत्तिशीची, आखूड केसांची, दरवर्षी लागणारा नजरेचा दाखला घ्यायला आलेली. एक डोळा झाकून, नाकावर चौकट घेऊन ती खुर्चीत बसली होती. नंबरबाई पाटी बदलून परत फिरली आणि चौथ्या पावलावर असताना क्रेनवाली म्हणाली, "मॅडम, रागावू नका. तुम्ही अगदी भिंगरीसारख्या चालता."

नंबरबाईच्या कानाच्या पाळ्या तापल्या. एवढं वय झालं तरी ते थांबलं नव्हतं. शरीराला आधी कळायचं, मग तिला. शाळेत असताना तिला पुष्कळ नावं होती, आणि प्रत्येक नाव कुठल्या आवाजात येतं हे तिला पाठ होतं. खिदळणारा एक आवाज, कळवळणारा दुसरा. मोठेपणी दोन्ही गेले आणि तिसरा आला, तो म्हणजे गप्प राहण्याचा. तिचा नवरा भला माणूस होता, नऊ वर्षांपूर्वी गेला; बावीस वर्षांच्या संसारात तो तिच्या चालण्याबद्दल एकदाही बोलला नाही. रस्त्याने जाताना तो नेहमी अर्धं पाऊल पुढे चालायचा. ते अर्धं पाऊल त्याला तिचं चालणं दिसू नये म्हणून होतं की लोकांना ती दिसू नये म्हणून, हे तिने त्याला कधी विचारलं नाही, आणि आता विचारायची सोय नव्हती. पण क्रेनवालीच्या आवाजात या तिन्हीतलं काही नव्हतं. ज्याचं नुसतं छायाचित्र पाहिलंय असा माणूस बाजारात समोर उभा राहावा, तसा तो आवाज होता.

"कोण भिंगरी?" नंबरबाईने विचारलं.

क्रेनवालीने चौकट काढली नाही, झाकलेला डोळाही उघडला नाही. तशीच ती सांगत सुटली. एक खेळ आहे, पडद्यावरचा, मारामारीचा. दोन लढवय्ये समोरासमोर, ज्याची ताकद आधी संपेल तो हरला. भिंगरी त्यातली एक. मग थोडी ओशाळून तिने विचारलं, की तुम्ही परत एकदा पाटीपर्यंत जाऊन याल का. अशी विनंती नंबरबाईला जन्मात कोणी केली नव्हती. आधी डोळा तपासून घेऊ, असं ती कोरडेपणाने म्हणाली. पण पाटी बदलायला जावं लागणारच होतं, आणि ती गेली, तेव्हा सातही पावलं तिला ऐकू आली. ठक्, मग सरपटल्यासारखा हलका आवाज, मग ठक्. हा आवाज आपण इतकी वर्षं करत होतो, हे तिला नव्याने कळत होतं.

दाखल्यावर मालकाची सही व्हायची होती. तेवढ्या वेळात बाकावर बसून क्रेनवालीने फोनवर तिला भिंगरी दाखवली. राखाडी पोशाखातली सडपातळ बाई, केस मागे घट्ट बांधलेले, चेहरा कोणासारखाच नाही. ती पडद्याच्या डावीकडून चालत आली, आणि नंबरबाईने फोन हातातून खाली ठेवला. मग पुन्हा उचलला. डावा पाय बाहेरच्या बाजूने अर्धं वर्तुळ काढत येत होता, कंबर खचत होती, सावरत होती, उजवं पाऊल घाईने जवळ येत होतं. दुकानाच्या पुढच्या भागातल्या आरशांमध्ये ती स्वतःला तुकड्यातुकड्यांनी रोज पाहत असे, आणि पाहिलं न पाहिलं करत असे. असं पुरतं, डोक्यापासून टाचेपर्यंत, दुसऱ्याच्या अंगावर तिने ते कधी पाहिलं नव्हतं.

क्रेनवालीचं बोलणं चालूच होतं. एकोणीस वर्षांनी खेळाचा नवा भाग येतोय. जुने सगळे मिळून त्रेचाळीस लढवय्ये आहेत, पण कंपनी सुरुवातीला फक्त सोळा देणार, आणि बाकीचे पुढची तीन-चार वर्षं थोडे थोडे सोडणार. अकरा नावं जाहीर झालीत, पाच राहिलीत. त्या पाचांत भिंगरी असावी की नसावी, यावरून जगभरची माणसं एकमेकांच्या उरावर बसलीत. हे सांगताना तिचा चेहरा असा गंभीर झाला होता, की नंबरबाईला हसू येता येता राहिलं. जाताना तिने तो वाद जिथे चालला होता त्या जागेचा पत्ता नंबरबाईच्या फोनवर काढून दिला आणि म्हणाली, मी तिथे 'साठ मीटर' या नावाने लिहिते. साठ मीटर ही तिच्या क्रेनच्या केबिनची उंची होती.

संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून नंबरबाईने वाचायला घेतलं, आणि समोरचा चहा गार झाला. हजारोंनी माणसं होती. नावं एकेक अशी, की 'गंजका खिळा' काय, 'उकडलेलं अंडं' काय. खिळ्याचं म्हणणं, सोळा म्हणजे सोळा. शंभरांतले दोघं जिला निवडतात तिच्यासाठी जागा का अडवायची? लोकांना जे हवेत ते आधी द्या, भिंगरी मागाहून आली तर कोणाचं काय अडणार आहे? अंड्याला कंपनीच्या हेतूचाच संशय होता. सगळ्यांचे लाडके कंपनी मुद्दाम मागे ठेवणार, म्हणजे लोक वाट बघत बसतील. आणि पुढच्या रिकाम्या जागा भिंगरीसारख्यांनी भरून काढणार. म्हणजे ती येईल, पण कोणाला हवी म्हणून नव्हे, खोगीरभरती म्हणून. याला 'साठ मीटर'ने चांगलं लांबलचक उत्तर दिलं होतं. पहिल्या सोळांवर खेळ बनवणारी माणसं जीव ओततात, तिने लिहिलं होतं. मागाहून येणाऱ्यांना उरकतात. या वेळी सगळ्या हालचाली खऱ्या कसरतपटूंना नाचवून त्यांच्यावरून घेणार आहेत म्हणे. अशा वेळी भिंगरी मागे पडली, तर तिचा पाय सरळ करून पाठवतील आणि वर सुधारणा केली म्हणून सांगतील. त्या उत्तराखाली कोणीतरी लिहिलं होतं: करू देत की सरळ. काय बिघडलं?

सरळ चाल, असं आई म्हणायची. रागाने नाही, अगदी मऊ आवाजात. घराच्या फरशीत काळ्या रेघा होत्या, त्यातल्या एका रेघेवरून दाराकडून खिडकीपर्यंत आणि खिडकीकडून दारापर्यंत ती तिला चालायला लावायची आणि स्वतः खिडकीशी भाजी निवडत बसायची. रेघेवरून पाय घसरला, की आई वर बघायची नाही, पण तिचे हात थांबायचे. ते थांबलेले हात नंबरबाईला आता, या टेबलाशी, स्पष्ट दिसले. पुढे वाचताना तिला एक जागा लागली, जिथे वाद नव्हता, नुसता हिशोब होता. कोणीतरी भिंगरीचं चालणं चित्राचित्राने सुटं केलं होतं. डावं पाऊल उचलल्यापासून टेकेपर्यंत एकवीस चित्रं लागतात, उजव्याला चौदा. समोरचा लढवय्या सवयीने चौदाव्या चित्रावर वार करतो. पाय तिथे नसतो, तो अजून वर्तुळात बाहेर असतो, आणि वार मोकळ्या हवेतून जातो. खाली शेकडो जणांनी यावर लिहिलं होतं, आपापल्या अनुभवाने, जिव्हाळ्याने, एखाद्या नदीच्या ओढीबद्दल नावाडी बोलतील तसं. नंबरबाई उठली. ओट्यापासून दारापर्यंत मनात आकडे मोजत चालली. एकवीस. चौदा. एकवीस. चौदा. पन्नास वर्षं जे आखूड होतं, कमी होतं, उणं होतं, ते सात चित्रांनी जास्त निघालं होतं. ती दारापाशी भिंतीला हात टेकून उभी राहिली. तिला रडू आलं नव्हतं, आनंदही म्हणवत नव्हता. देवळाच्या गाभाऱ्यात एकदम थंड लागावं तसं काहीतरी पायांतून वर येत होतं.

मग तिला तो हात दिसला. वादात त्याला 'हवेतला कठडा' म्हणत. डाव्या पावलावर भार आला, की भिंगरीचा डावा हात उघडा होऊन किंचित खाली दाबला जातो. खाली काही नसतं. दर पावलाला, बरोबर त्याच उंचीवर, बरगड्यांच्या जरा खाली, हवेत तळवा टेकतो आणि सुटतो. एकोणीस वर्षं माणसांनी यावर डोकेफोड केली होती. कोणी म्हणे चित्र काढणाऱ्याची चूक. कोणी म्हणे आधी तिच्या हातात काठी असणार, ती नंतर काढून टाकली आणि हात तसाच राहिला. एका माणसाने, ती जमिनीची ओढ अजमावते आहे, असं सांगणारं पानभर लिहिलं होतं. नंबरबाईने ते चालणं अकरा वेळा पाहिलं. बाराव्या वेळी न पाहता ती उठली, आणि तिचा डावा हात आपोआप बाहेर आला, खाली गेला आणि एका उंचीवर थांबला. हाताला ती उंची ठाऊक होती. तळव्याखाली आधी कापड आलं, शाळेच्या गणवेशाचं, धुऊन धुऊन मऊ झालेलं, मग शिवण, मग शिवणीखालचं लहानसं, चालताना वरखाली होणारं हाड. लाकडाच्या वखारीवरून जाणारा चढाचा रस्ता आला, ओल्या भुशाचा वास आला. ती बाराची, धाकटा भाऊ सहाचा. त्याच्या दप्तराचा पट्टा दुसऱ्या खांद्यावर, आणि या खांद्यावर तिचा हात. धाकट्याला सांभाळून ने, असं आई दारातून रोज म्हणायची, आणि ती त्याला रोज सांभाळून न्यायची. पाच वर्षं तिने धाकट्याला शाळेत नेलं होतं. असंच ती आजवर समजून होती.

धाकटा पूर्वी कुठल्याशा कंपनीत 'खेळबीळ' करायचा, एवढंच तिला माहीत होतं. आता तो दुसऱ्या शहरात असतो, इंजेक्शन कसं टोचायचं, प्लास्टर कसं काढायचं, अशी दवाखान्यांसाठी हलती चित्रं करतो. दर रविवारी सकाळी त्याचा फोन येतो. हवा, गुडघे, मुलीची परीक्षा, ठेवू का. या रविवारी हवेचं बोलणं तिने होऊ दिलं आणि मग विचारलं, "धाकट्या, भिंगरी कोण रे?"

पलीकडे चमच्याचा कपातला आवाज थांबला.

"कोणी सांगितलं तुला?"

"तू तर नाही सांगितलंस."

त्याने कप खाली ठेवला. मग तुटक तुटक सांगू लागला. अकरा दिवस हातात होते. तीन लढवय्ये करून झाले होते, चौथी उभीच राहत नव्हती. काहीही काढलं तरी कवायत करणाऱ्या बाहुलीसारखी दिसायची. एका दुपारी सगळे जेवायला गेले होते, तेव्हा त्याचा हात आपोआप चालायला लागला, आणि लोक जेवून परतले तेव्हा ती पडद्यावर चालत होती. सगळे मागे उभे राहून बघत राहिले. साहेबांनी विचारलं कुठून आणलीस, तर तो म्हणाला, सुचली. त्या दिवसापासून ताईला सांगायचं तो पुढे ढकलत आला होता. "तुझं चालणं चोरून विकलं असं वाटायचं," तो म्हणाला. "तू रागावली असतीस तर परवडलं असतं. तू काहीच बोलली नसतीस, त्याची भीती वाटायची."

"आणि हात कशाला ठेवलास तसा?"

"कुठला हात?"

"डावा. खाली दाबते ती."

त्याला खरंच माहीत नव्हतं. थांब, म्हणाला. कळांचा टकटक आवाज आला, मग काहीच नाही. खिडकीबाहेर कोणीतरी गाडी धूत होतं, पाण्याचा फवारा पत्र्यावर वाजत होता, तेवढाच. ती कानाशी फोन धरून बसून राहिली. तो परत बोलला तेव्हा त्याचा आवाज पन्नाशीच्या माणसाचा नव्हता.

"ताई, मी हे मुद्दाम नाही काढलं. मीच काढलंय, पण... मला दिसलंच नव्हतं. इतक्या वर्षांत."

"मला वाटायचं मी तुला शाळेत नेते," ती म्हणाली.

"आईने मला सांगितलं होतं. ताई खांदा धरेल, धरू दे. दुखला तरी हलू नकोस. आणि तिला सांगू नकोस." मग तो म्हणाला, "दुखायचा नाही फारसा."

त्या दिवशी दोघांनीही 'ठेवू का' म्हटलं नाही. फोन कोणी ठेवला हेही नंतर तिला आठवेना. दुपारभर ती घरात काही ना काही आवरत हिंडत राहिली. सहा वर्षांच्या पोराने एक गुपित पाच वर्षं खांद्यावर वाहिलं, आणि मग मोठा झाला, विसरून गेला, आणि त्याच्या हाताने ते न विचारता पडद्यावर मांडलं. स्वतःला त्याने चित्रातून वगळलं होतं, पण स्वतःवरचा भार वगळला नव्हता. आणि मग कुठल्या कुठल्या देशांतल्या अनोळखी माणसांनी, ज्यांना ना तो माहीत ना ती, नेमकी तेवढीच जागा हेरली होती: इथे काहीतरी आहे म्हणून. एकोणीस वर्षं ते त्या रिकाम्या जागेभोवती फिरत होते, भांडत होते, आणि जागा सोडत नव्हते. या विचाराशी आलं, की तिच्या हातातलं काम थांबायचं. संध्याकाळी तिने वादात एक ओळ लिहिली: तिथे तिच्या धाकट्या भावाचा खांदा आहे. पाच मिनिटांत उत्तर आलं. भिंगरीला भाऊ नाही, कृपया तिची गोष्ट नीट वाचून मग लिहा. खाली दुसऱ्याने पुरावा मागितला होता, आणि तिसऱ्याने, नवीन लोकांनी आधी जुनी पानं चाळावीत, असं बजावलं होतं. नंबरबाई एकटीच मोठ्याने हसली. किती दिवसांनी, ते तिला सांगता आलं नसतं.

पुढच्या शनिवारी दुपारी उरलेली पाच नावं जाहीर व्हायची होती. क्रेनवाली दुकानात येऊन तिला घेऊन गेली. शहरातली खेळणारी मंडळी दर महिन्याला एका धोबीखान्याच्या माडीवर जमत, आज तिथेच सगळे मिळून बघणार होते. वाटेत नंबरबाईने तिला सगळं सांगितलं. खांद्याच्या गोष्टीपाशी आल्यावर क्रेनवाली रस्त्यातच थांबली. मागून येणारा माणूस तिच्यावर आदळला, त्याची तिने माफी मागितली, आणि पुन्हा तशीच उभी राहिली. "मी त्या कठड्यावर नऊ वर्षं भांडले, मावशी," एवढंच ती म्हणाली, आणि पुढचा सगळा रस्ता नंबरबाईच्या पावलाला पाऊल लावून चालली, अर्धंही पुढे न जाता. हे गुपित आपल्याजवळच राहील, असं तिने न विचारता सांगितलं.

माडीवर साबणाचा आणि गरम कापडाचा वास होता. खाली यंत्रं फिरत आणि जमिनीतून बारीक थरथर पायाला लागे. चाळीसेक माणसं होती. नंबरबाईला वाटलं होतं, पोरंसोरं असतील. तर एक टक्कल पडलेला शिक्षक होता, एक नर्स पोशाखावरच आलेली, दोन जाड जुळ्या बहिणी, आणि एक अवाढव्य बेकरीवाला, भुवयांत पीठ अडकलेला. हाच गंजका खिळा, असं क्रेनवालीने तिच्या कानात सांगितलं. आंतरजालावर जो माणूस भिंगरीला नऊ वर्षं धुऊन काढत होता, त्याने नंबरबाईला खुर्ची आणून दिली आणि जमिनीकडे बघत स्वतः लांब जाऊन उभा राहिला. मग भिंतीवर कार्यक्रम सुरू झाला. पहिलं नाव आलं, टाळ्या पडल्या. दुसरं, तिसरं. चौथ्याला कोणीतरी हळहळलं. पाचव्याच्या आधी पडदा काळा झाला, आणि त्या चाळीस माणसांनी एकदम श्वास धरला, तो तिला आपल्या मानेवर जाणवला. नाव आलं. भिंगरी नव्हती.

शाळेत खेळांच्या दिवशी फळ्यावर नावं लागायची, ती वाचायला नंबरबाई कधी गेली नव्हती. बाई तिच्या हातात शिट्टी द्यायच्या आणि सांभाळ म्हणायच्या, आणि ती सांभाळायची. आपलं नाव नसण्यात काही घडतं, असं तिला कधी वाटलंच नव्हतं. इथे मोठमोठी माणसं मान खाली घालून बसली होती. नर्सने चष्मा काढून पोशाखाच्या बाहीने डोळे पुसले. क्रेनवालीचा जबडा घट्ट मिटलेला होता. खिळ्याचासुद्धा चेहरा पडला होता, आणि ते लपवायला तो खिडकीची कडी लावत-काढत होता. मग शिक्षक फोनवरून वाचत म्हणाला, दुसऱ्या वर्षी येतेय, दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या तिघांत. चालीबद्दल कंपनीने काही सांगितलेलं नाही. "दीड वर्ष," जुळ्यांतली एक म्हणाली. "काढू," दुसरी म्हणाली. आणि नंबरबाई त्या साबणाच्या वासात, थरथरत्या जमिनीवर, अगदी स्थिर बसून राहिली. आपली वाट पाहणं हे इतक्या माणसांचं इतकं साधं, ठरलेलं काम असू शकतं, हे तिला ठाऊकच नव्हतं.

हळूहळू बोलणं परत आलं, जुना खेळ लागला. एकदा हातात घेऊन बघा, असं क्रेनवाली म्हणाली आणि तिने बटणांचा जड फळा तिच्या मांडीवर ठेवला. डावीकडे भिंगरी, समोर खिळ्याचा पहाडासारखा लढवय्या. नंबरबाईने दांडी पुढे केली, आणि भिंगरी चालली. एकवीस, चौदा. तिने तिला या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलं, परत आणलं, पुन्हा नेलं. बाकी काही करायला तिला येत नव्हतं आणि काही करावंसंही वाटत नव्हतं. खिळ्याचा पहाड हात खाली सोडून उभा होता. भिंगरी अगदी त्याच्या छातीला भिडली, तरी तो हलला नाही.

तिने मान वळवून पाहिलं. बेकरीवाल्याने बटणांवरून बोटं उचलून घेतली होती आणि तो अदबीने तिचं संपायची वाट बघत होता. तशी वाट बघणं तिला ओळखीचं होतं. अंगणातल्या प्रत्येक खेळात ती लिंबूटिंबू असायची. तिच्यावर राज्य यायचं नाही, तिला कोणी बाद करायचं नाही. पाठलाग करणारी पोरं तिच्यापाशी येऊन वळायची, जशी दगडापाशी पाणी वळतं. तिला सगळे खेळात घेत, आणि ती कधीच खेळात नसे.

"मारा," ती म्हणाली.

"राहू द्या, तुम्ही नवीन आहात," बेकरीवाला म्हणाला.

"नवीन नाही मी. मारा."

त्याने क्रेनवालीकडे पाहिलं. तिने मान हलवली. मग पहाडाचा हात फिरला आणि भिंगरी उडून मागे पडली, पाठीवर, चांगली सणसणून. नंबरबाईने दांडी सोडून दिली. आणि पडद्यावर भिंगरी उठायला लागली. आधी ती उजव्या कुशीवर वळली. उजवं कोपर टेकलं, मग उजवा गुडघा. डावा पाय लांब बाजूला तसाच, सरळ, पसरलेला. मग दोन्ही तळवे जमिनीवर. आणि उठण्याच्या आधी, फार तर दोन चित्रांपुरती, तिने मान जराशी डावीकडे वळवून पाहिलं, कोणी बघितलं का म्हणून. मग ती एका दमात उभी राहिली आणि कपडे झटकले.

वखारीच्या चढावर ती पुष्कळदा पडली होती. धाकटा दर वेळी पाठ फिरवून वखारीतली लाकडं मोजत उभा राहायचा, ती उठून त्याला हाक मारेपर्यंत. आपल्याला उठताना कोणी पाहिलेलं नाही, असं ती आयुष्यभर धरून चालली होती.

बेकरीवाला ओशाळून थांबला होता. लागलं नाही ना, असं तो विचारत होता, आणि मग आपण काय विचारतोय हे लक्षात येऊन लाल झाला होता.

"परत," नंबरबाई म्हणाली. पडद्यावरून तिची नजर हलत नव्हती. "परत पाडा."